स्केचवरून जॅकेट उभं करताना : दिओर यांच्या ‘बार’ सूटच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

काम : क्रिस्तियां दिओर यांच्या ‘बार’ सूटची पूर्ण मापाची अभ्यासप्रत. वर फिकं रेशमी जॅकेट, खाली काळ्या वूल क्रेपचा प्लीट घातलेला स्कर्ट. डमीची मापं छाती ३४, कंबर २६, सीट ३७. पुढच्या सगळ्या नोंदींत मापं इंचात, खरेदीचं कापड तेवढं मीटरमध्ये.

हा सूट १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ३०, अव्हेन्यू मोंतेन्य या पत्त्यावर पहिल्यांदा दिसला. दिओर यांचा स्वतःच्या नावाचा तो पहिलाच संग्रह. पाठीशी पैसा मार्सेल बुसाक या कापडगिरणीवाल्याचा होता. ‘हार्पर्स बझार’च्या संपादक कार्मेल स्नो यांनी वापरलेले ‘न्यू लुक’ हे शब्द त्या संग्रहाला कायमचे चिकटले. दिओर यांनी स्वतः आपल्या दोन आकारांना ‘कोरोल’, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांचा घेर, आणि ‘आठ’ अशी नावं दिली होती. शिवणाऱ्याला ही नावंच जास्त उपयोगी पडतात, कारण इंग्रजी आठाचा आकडा उभा धरला की जॅकेटचा पॅटर्न अर्धा समजतो.

५ ऑगस्ट : स्केच वाचणं

छापील प्रतींत प्रमाण बदलतं, म्हणून मूळ रेखाटनाच्या छायाप्रतीवर पट्टी लावलेली नाही. अभ्यासासाठी नवं स्केच काढून घेतलं आणि मापं त्यावरून घेतली.

फॅशन स्केचमधली बाई खऱ्या बाईपेक्षा उंच असते. शरीराची उंची साधारण साडेसात डोकी भरते. या स्केचमध्ये ती साडेनऊ आहे, आणि वाढलेली दोन डोकी जवळजवळ सगळी पायांत गेली आहेत. त्यामुळे स्कर्टची लांबी स्केचवरून मोजली तर हमखास चुकते. ती जमिनीपासून काढली : उंची ६५, कंबर जमिनीपासून ४१, टाच ३ धरून ४४, स्कर्टची कड जमिनीपासून १२ वर. तयार लांबी ३२.

आडव्या मापांवर मात्र बऱ्यापैकी विसंबता येतं. समोरून दिसणारी कमरेची रुंदी आणि पेप्लमच्या (जॅकेटच्या कमरेखालच्या घेरदार भागाच्या) कडेची रुंदी यांचं प्रमाण स्केचमध्ये १ : २.२ आहे. प्रत्येक मांजरपाटावर (साध्या सुती कापडातल्या कच्च्या नमुन्यावर) आणि शेवटी तयार जॅकेटवर हेच माप घ्यायचं.

जिथे रेघ आहे तिथे शिवण, घडी किंवा कड असते. जिथे रेघ नाही तिथे काय करायचं ते कापणाऱ्याने ठरवायचं. या स्केचमध्ये कमरेवर आडवी रेघ नाही, म्हणून जॅकेट आणि पेप्लम एकाच पानात कापायचे, कमरेला जोड द्यायचा नाही. खांद्याची रेघ उतरती आहे, युद्धकाळातल्या चौकोनी खांद्यासारखी नाही. म्हणून तयार खांदापॅड वापरायचे नाहीत.

कुत्युरमधली, म्हणजे मापाने हातशिलाईच्या उंची फॅशनमधली, रीतही अशीच होती. दिओर आधी भराभर छोटी रेखाटनं काढत. त्यांतली निवडलेली कार्यशाळांच्या प्रमुखांकडे जात, आणि ते साध्या सुती कापडात आकार उभा करत. फ्रेंचमध्ये त्याला ‘त्वाल’ म्हणतात, आपल्याकडे सरळ मांजरपाट. झुळझुळीत कपड्यांची कार्यशाळा वेगळी आणि टेलरिंगची वेगळी असे. तेव्हा दिओर यांच्याकडे टेलरिंगमध्ये पिएर कार्दां होते, आणि या सूटच्या शिवणकामात त्यांचा हात होता. मांजरपाट उभं राहिल्यावरच रेखाटन बरोबर की चूक ते कळायचं.

संदर्भासाठी फोटो बघताना एक ध्यानात ठेवायचं. सीनच्या काठावर टोपी तिरकी घालून उभ्या असलेल्या मॉडेलचा विली मेवाल्ड यांचा प्रसिद्ध फोटो १९५५ चा आहे, १९४७ चा नव्हे. मूळ वस्तू बघायच्या तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतल्या नोंदींकडे जावं.

७ ऑगस्ट : ड्राफ्ट

जॅकेटची तयार कंबर २७ धरली. डमीची २६ आहे, वरचा एक इंच स्कर्टचा पट्टा आणि अस्तर यांच्या जाडीसाठी. पेप्लमची लांबी कमरेखाली ७, कडेचा घेर ४६. म्हणजे सात इंचांच्या उतारात १९ इंच वाढवायचे आहेत.

ते सगळ्या शिवणींत सारखे वाटले तर घंटा तयार होते, आठाचा आकडा होत नाही. वाटप असं केलं : दोन्ही बगलांच्या शिवणींत प्रत्येकी ४, पाठीच्या दोन प्रिन्सेस शिवणींत (वरपासून कडेपर्यंत उभ्या जाणाऱ्या) प्रत्येकी ३, पुढच्या दोन प्रिन्सेस शिवणींत प्रत्येकी २, पाठीच्या मध्यावर १. पुढच्या मध्यावर, बटणपट्टीपाशी, शून्य. पोटावर सपाट, बाजूला आणि मागे फुगलेलं असं ते दिसायला हवं.

९ ऑगस्ट : मांजरपाट क्र. १

मांजरपाट आधी धुऊन, ओलसर असतानाच इस्त्री केलं. न धुतलेल्यात खळ असते आणि पेप्लम खोटा कडक उभा राहतो. मग खरं कापड आलं की तो खाली बसतो आणि दोष कुठला तेच कळत नाही.

फिटिंगला दोन गोष्टी चुकलेल्या दिसल्या. पहिली, कमरेवर प्रत्येक शिवणीपासून तिरप्या वळ्या. कारण शिलाईचा दाब, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, पाऊण इंच होता आणि वळणावर त्याला कट दिलेले नव्हते. कमरेच्या रेषेवर शिवण आतल्या बाजूला खोल वळते, दाबाची कड मात्र शिवणीपेक्षा आखूड पडते आणि कापड ओढते. दाब अर्धा इंच केला, कमरेवर एक आणि त्याच्या वर-खाली पाऊण इंचावर एकेक असे तीन कट दिले, टाक्याच्या दोन धागे अलीकडे थांबून. मग सपाट टेबलावर न ठेवता गोल उशीवर घेऊन इस्त्री. वळ्या गेल्या.

दुसरी चूक मोठी. पेप्लम कोमेजल्यासारखा खाली लोंबतो. समोरून कंबर ९¾, पेप्लमची कड १४½. प्रमाण १ : १.४९. घेर कागदावर ४६ च आहे, पण आतून आधार नसल्याने तो घड्यांत मिटतो.

११ ऑगस्ट : हिप पॅड

या सूटचं मर्म इथे आहे. कंबर आवळल्यामुळे हा आकार येतो असा समज पसरलेला आहे. हिशेब करून बघितला : कंबर दोन इंचांनी आवळली तर समोरची रुंदी जेमतेम पाऊण इंचाने कमी होते, आणि पेप्लम तसाच ठेवला तर प्रमाण १.६१ पर्यंत जातं. त्यासाठी अंगाला जो त्रास द्यावा लागेल त्या मानाने हे काहीच नाही. याउलट कंबर न दुखवता खालचा आकार भरला तर नजर आपोआप कंबर बारीक मोजते. म्हणून पॅड.

पहिला प्रयत्न पॉलिएस्टर वॅडिंगचा, म्हणजे भरणीच्या मऊ थराचा. तो सपशेल फसला. पॉलिएस्टर दाबलं की परत उसळतं, त्यामुळे पॅडची कड बाहेरून गोल उठून दिसते. जॅकेटखाली वाटी ठेवल्यासारखं. शिवाय त्याला इस्त्रीने आकार देता येत नाही.

दुसरा प्रयत्न कापसाच्या वॅडिंगचा. प्रत्येक बाजूला पाच थर. सगळ्यात मोठा ९ × ६, त्यावरचा प्रत्येक थर चहूबाजूंनी थोडा आत, पण वरच्या कडेला सगळे थर जास्त आत सरकवले, म्हणजे जाडी वर पातळ सुरू होऊन खाली वाढते. थरांच्या कडा कात्रीने कापल्या नाहीत, बोटांनी विंचरून विरळ केल्या. कापलेली कड पातळ रेशमातून रेघेसारखी दिसते. दोन्ही बाजूंना केंब्रिकचं (तलम सुती कापडाचं) आवरण, आणि एक-एक इंचावर सैल धावदोरा. टाका घट्ट ओढला की गादीसारखे खळगे पडतात.

दाबल्यावर जाडी सर्वांत फुगीर जागी एक इंच. पॅडची वरची कड कमरेखाली बरोबर १ वर. कमरेवरच पॅड आला तर कंबर जाड होते आणि सगळी मेहनत फुकट. पुढच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेतीन इंच जागा मोकळी. पॅड स्कर्टला नाही, जॅकेटच्या आतून लावायचा. स्कर्टला लावला तर बसता-उठताना तो फिरतो आणि पेप्लम एका बाजूला चढतो.

पावसाळ्यात कापूस ओल धरतो. वॅडिंग वापरण्याआधी दोन तास कोरड्या गरम जागी ठेवलं. ओलसर कापूस शिवला तर पंधरा दिवसांत गोळे होतात.

१३ ऑगस्ट : मांजरपाट क्र. २

पॅडसकट : कंबर ९¾, पेप्लम १७¼, प्रमाण १ : १.७७. स्केचचं २.२ गाठलेलं नाही आणि गाठायचंही नाही. त्यापुढे गेलं की चालताना कोपर पेप्लमवर घासतं. पॅटर्न पक्का केला.

१६ ऑगस्ट : कापड

मूळ जॅकेट रेशमी शांटुंगचं. शांटुंगमध्ये उभा धागा बारीक आणि एकसारखा, आडव्यात जाड-बारीक गाठी. त्या आडव्या गाठींमुळे कापडाला खडबडीतपणा येतो आणि सॅटिनसारखी चमक येत नाही. आकार उठून दिसायला असंच कापड लागतं, कारण चमकदार कापडावर प्रत्येक वळी उजेड पकडते.

पर्याय म्हणून हातमागाचं टसर घेतलं. विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडे, याला कोसा म्हणतात. पन्हा (कापडाची रुंदी) ४४, घेतलं ३ मीटर. रंग शांटुंगच्या हस्तिदंती छटेपेक्षा मधाकडे झुकणारा. ब्लीच केलेलं नाही. टसरचा मूळ रंग काढायला गेलं की धागा रुक्ष होतो, आणि या कामात धाग्याचा कस जास्त महत्त्वाचा. काळ्या स्कर्टवर तो मधाळ रंगही पुरेसा उजळ दिसतो.

हातमागाच्या कापडात आडवा धागा काठापाशी थोडा कलतो. कापण्याआधी आडवा धागा ओढून कड सरळ केली. पावणेदोन इंच तिरपं निघालं. हे न करता कापलं असतं तर गाठींच्या रेघा दोन्ही छातींवर वेगवेगळ्या कोनात आल्या असत्या.

१८ ऑगस्ट : आतला आधार

आधी दहा इंचाच्या तुकड्यावर इस्त्रीने चिकटणारं बकरम लावून बघितलं. वाफ दिल्यावर पृष्ठभागावर बुडबुडे आले. कारण सरळ आहे : गोंद जाड गाठींना धरतो, मधल्या पातळ धाग्यांना धरत नाही, आणि वाफेने दोन्ही कापडं वेगवेगळी आकसतात.

म्हणून सगळा आधार शिवून. प्रत्येक पानामागे सुती ऑर्गंडी (पातळ पण कडक कापड), कच्च्या टाक्यांनी. पुढच्या मध्यपानाला आणि लॅपलला घोड्याच्या केसांचं कॅनव्हास. पेप्लमच्या कडेला दीड इंची उरेब (तिरप्या धाग्यावर कापलेली) पट्टी, त्याच कॅनव्हासची. हीच पट्टी कडेला बाहेर उभी ठेवते. सरळ धाग्यावर कापली तर कड कोपऱ्याकोपऱ्याने मोडते.

२१ ऑगस्ट : काज आणि कॉलर

पाच बटणं, त्याच कापडाने मढवलेली. त्यांतलं एक बरोबर कमरेच्या रेषेवर, बाकीची २¼ अंतराने. कमरेवर बटण नसेल तर तिथेच फट पडते.

काज कापडी पाइपिंगचे. ते फेसिंग (कडेच्या आतल्या बाजूचं पान) लावायच्या आधी, पान सपाट असतानाच करायचे. टसर उसवतं, म्हणून काजाच्या मागे ऑर्गंडीचा जास्तीचा तुकडा आणि कोपऱ्यात अगदी बारीक टाका. पहिला काज एका कोपऱ्यात फाटला, कारण कट टाक्यापार गेला होता. ते पान टाकून दिलं आणि नवं कापलं. तीन मीटर घेतल्याचा उपयोग इथे झाला.

कॉलरच्या कॅनव्हासला पाव इंची पॅड-टाके (कॅनव्हास कापडाला धरून ठेवणारे तिरपे टाके), लॅपलला अर्धा इंची. टाके घालताना कॉलर बोटावर गुंडाळूनच धरायची. सपाट धरून घातले तर ती कधीच वळत नाही.

२३ ऑगस्ट : बाही

बाहीच्या गोलाईत मुंढ्यापेक्षा २ इंच जास्त ठेवले होते. वूलमध्ये एवढं वाफेने सहज जिरतं. रेशीम तितकं आकसत नाही, चुण्या राहिल्या. १¼ वर आणलं, पुन्हा कापलं. खांद्यावर वॅडिंगचा एकच पातळ थर, बाहीच्या टोकापर्यंत विरत जाणारा. खांदा उतरताच राहिला.

कमरेवर आतून ग्रोसग्रेन (आडव्या रेघांच्या घट्ट विणीची) फीत, २६½ वर हुकाने बंद होणारी. आधी हुक लावायचे, मग बटणं. ताण फितीवर जातो, बटणं फक्त दिसायला राहतात आणि काज ओढले जात नाहीत.

२६ ऑगस्ट : स्कर्ट, फसलेला नमुना

वूल क्रेप, पन्हा ५८. पहिली योजना सोपी होती : पाच सरळ पन्हे जोडायचे, शिवणी जाऊन २८५ इंच, आणि सगळं २६ च्या कमरेत प्लीट घालून बसवायचं. एका पन्ह्याचा नमुना करून बघितला आणि थांबलो.

२८५ भागिले २६ म्हणजे कमरेवर जवळजवळ ११ थर. हा क्रेप साधारण अर्धा मिलिमीटर जाड. अकरा थर म्हणजे साडेपाच मिलिमीटर, आणि सगळीकडून वाढल्याने कमरेचा घेर सुमारे १⅜ इंचाने वाढतो. जॅकेटमध्ये आपण एकच इंच ठेवला आहे. बटण लागलंच नसतं. लागलं असतं तरी पॅडच्या वर सुजल्यासारखी कंबर दिसली असती.

या स्कर्टला इतकं कापड का, हा प्रश्न १९४७ मध्ये रागाने विचारला गेला होता. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १९४१ ला सुरू होऊन १९४९ पर्यंत चाललं. तिथे अशा घेराकडे उधळपट्टी म्हणूनच बघितलं गेलं. आज शिवताना कापड परवडतं, पण कमरेवर ते ठेवायचं कुठे हा प्रश्न उरतोच.

२८ ऑगस्ट : स्कर्ट, दुसरी योजना

सरळ पन्ह्याऐवजी पाच कळ्या. प्रत्येक कळी वर २२, खाली ५७. शिवणी जाऊन वर २१, खाली ५६. एका कळीत सात प्लीट. वर प्रत्येक प्लीटला ३ इंच कापड, त्यातलं दिसतं ¾, आत जातं २¼. खाली प्रत्येक प्लीटला ८ इंच. एकूण ३५ प्लीट, दिसणारी कंबर २६¼, कडेचा घेर २८०. कमरेवर फक्त ४ थर, घेर अर्ध्या इंचाने वाढतो. जॅकेटच्या एका इंचात बसतं.

प्रत्येक कळीची उंची दाब आणि दुमड धरून ३५. वर २२ आणि खाली ५७ मिळून ७९ होतात, ५८ च्या पन्ह्यात दोन कळ्या उलटसुलट बसत नाहीत. म्हणून एकाखाली एक. लागलं ४.४५ मीटर, घेतलं ५. नुसतं बाहेरचं कापडच एक किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे कमरपट्टा आतून ग्रोसग्रेनचाच हवा. नुसत्या बकरमचा पट्टा आठवड्यात वळतो.

कळ्यांच्या शिवणी प्लीटच्या आतल्या घडीत लपवल्या. घडीच्या बाहेरच्या कडेवर शिवण आली तर इस्त्रीत चकाकी येते. वरचे ७ इंच पक्की इस्त्री, ओल्या कापडातून आणि वरून लाकडी ठोकळा दाबून. हा भाग पेप्लमखाली जातो, तो सपाट हवा. खाली प्लीट हलक्या वाफेवर सोडल्या. कच्चे टाके काढले नाहीत.

३० ऑगस्ट : आतला घागरा

दिओर यांच्या कपड्यांना पर्केलचं किंवा टाफेटाचं अस्तर असे, कपडा स्वतःच्या बांध्यावर उभा राहावा म्हणून. इथे केंब्रिक. कमरेखाली ८ इंच साधं, त्याखाली कडक नेटच्या तीन झालरी, प्रत्येकीला अडीचपट चुणट. झालरीची वरची कड केंब्रिकच्या पट्टीत बंद केली, नाही तर नेट मोज्यांना अडकतं.

झालर ८ इंचांच्या वर नेली की पॅड आणि नेट एकमेकांवर येतात आणि पेप्लमची कड वर उचलली जाते.

४ सप्टेंबर : कड

स्कर्ट सात दिवस टांगून ठेवला. कळीच्या मध्यावर कापड सरळ धाग्यावर आहे, तिथे ⅛ उतरलं. शिवणीपाशी धागा २८-२९ अंशांनी तिरपा आहे, तिथे पूर्ण ⅞. म्हणजे लगेच कड दुमडली असती तर पाच जागी झोळ पडला असता. दमट हवेत वूल जरा जास्तच उतरतं. सात दिवस ही कमीत कमी मुदत समजावी.

कड जमिनीपासून १२ वर खडूने आखली, डमीवर घागरा आणि जॅकेट दोन्ही घालून. नुसत्या स्कर्टवर आखली तर पॅडमुळे बाजू नंतर वर जातात. इथे फरक ⅜ होता. दुमड अडीच इंच, आतून अदृश्य तुरपाई, दर चौथ्या टाक्याला सैल.

५ सप्टेंबर

तयार जॅकेट, स्कर्टसह, समोरून : कंबर ९¾, पेप्लम १७. प्रमाण १ : १.७४. मांजरपाटापेक्षा पाव इंच कमी, कारण टसरच्या वजनाने कापूस थोडा बसला. पॅडमध्ये सहावा थर घालायचा नाही. कॅनव्हासची उरेब पट्टी दीडऐवजी पावणेदोन इंची करून बघायची.

काळ्यावर फिकं असल्यामुळे डोळ्याला प्रमाण मोजलेल्यापेक्षा जास्त वाटतं. त्याच डमीवर काळं मांजरपाट टाकून तुलना केली, तेव्हा तीच कंबर ठळकपणे जाड दिसली. रंगाची ही निवड कापण्याइतकीच महत्त्वाची आहे.

ठेवण : पॅड काढता येतील असे सैल टाक्यांनी लावले आहेत. जॅकेट पॅडसकट रुंद हँगरवर, पेप्लमखाली टिश्यू कागद. स्कर्ट पट्ट्याला चिमटे न लावता ग्रोसग्रेनच्या चार फासांवर टांगायचा. पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी पॅड काढून वाळवायचे.